समुद्र निळा का दिसतो हे सांगणारं पत्र सी. व्ही. रामन यांनी मुंबईच्या गढूळ बंदरातून धाडलं होतं

कोल्हापूरहून गगनबावड्याला पोहोचलं की पुढे कोकणात उतरायला दोन घाट आहेत, करूळ आणि भुईबावडा. दोन्ही खाली वैभववाडीकडे उतरतात. इथला पाऊस कसा असतो हे कोल्हापूरकरांना वेगळं सांगायला नको. काही वर्षी तो पाच हजार मिलिमीटरच्याही पुढे जातो.

हा पाऊस कड्याच्या ज्या बाजूला पडेल, त्यावर तो कुठल्या समुद्राला जाणार हे ठरतं. पूर्वेला पडला तर कुंभीतून पंचगंगेत, तिथून कृष्णेत आणि शेवटी थेट बंगालच्या उपसागरात. पश्चिमेला पडला तर ओढ्या-नाल्यांतून कोकणात, शुक नदी आणि वाघोटणच्या खाडीतून विजयदुर्गला, म्हणजे अरबी समुद्रात. पूर्वेच्या पाण्याला सगळं दख्खन ओलांडावं लागतं. पश्चिमेचं पाणी मात्र काही तासांत समुद्र गाठतं, तेही कड्यावरची लाल माती सोबत घेऊन.

म्हणून जुलै महिन्यात विजयदुर्गच्या खाडीच्या तोंडाशी उभं राहिलात तर समुद्र निळा दिसत नाही. तो चहासारखा दिसतो.

असं का होतं? आणि वर रंग बदलला की खाली, पाण्याच्या आत, काय बदलतं? याचं उत्तर शोधायचं तर आधी उलटा प्रश्न विचारावा लागतो. समुद्र मुळात निळा का असतो? हा प्रश्न सुमारे शंभर वर्षांपूर्वी एका भारतीय माणसाने बोटीच्या डेकवर उभं राहून सोडवला होता. त्यांचं नाव चंद्रशेखर वेंकट रामन.

समुद्राकाठी वाढलेला मुलगा

रामन यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८८८ चा, तमिळनाडूतल्या तिरुचिरापल्लीचा. पण बालपण गेलं ते विशाखापट्टणममध्ये. वडील तिथल्या कॉलेजात गणित आणि भौतिकशास्त्र शिकवायचे. घरात पुस्तकं होती आणि गावाला समुद्र होता. कृष्णा जिथे समुद्राला मिळते तोच हा पूर्व किनारा, फक्त बराच उत्तरेला.

पोरगा हुशार निघाला. अकराव्या वर्षी मॅट्रिक झाला. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून १९०४ साली बी.ए. केलं तेव्हा विद्यापीठात पहिला आला आणि सुवर्णपदक मिळालं. त्याच कॉलेजात शिकत असताना, १९०६ साली, त्यांचा पहिला शोधनिबंध लंडनच्या फिलॉसॉफिकल मॅगझिनमध्ये छापून आला. तेव्हा वय होतं फक्त १८.

त्या काळात अशा मुलाने पुढे इंग्लंडला जायचं, अशी रीत होती. पण रामन यांची प्रकृती नाजूक होती. तपासणाऱ्या डॉक्टरने सांगितलं की या मुलाला इंग्लंडची हवा झेपणार नाही. झालं, परदेशाचा विषय तिथेच संपला.

मग सरकारी नोकरी. १९०७ साली वित्त खात्याची परीक्षा पहिल्या क्रमांकाने पास होऊन रामन कलकत्त्याला असिस्टंट अकाउंटंट जनरल म्हणून रुजू झाले. त्याच वर्षी लोकसुंदरी यांच्याशी लग्न झालं होतं. पगार चांगला, खुर्ची मोठी. अशा नोकरीत शिरलेला माणूस परत विज्ञानाकडे फिरकेल असं कुणालाच वाटलं नसतं.

दिवसा हिशेब, सकाळ-संध्याकाळ प्रयोग

कलकत्त्यात बहू बाजार स्ट्रीटवर एक संस्था होती, इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स. डॉ. महेंद्रलाल सरकार यांनी ती १८७६ साली उभी केली होती. भारतीयांनी भारतीयांसाठी चालवलेली प्रयोगशाळा हे त्यामागचं स्वप्न. पण रामन तिथे पोहोचले तेव्हा तिथली उपकरणं बरीचशी पडून होती आणि काम करणारं फारसं कुणी नव्हतं.

रामन यांनी तिथे ठाण मांडलं. सकाळी ऑफिसच्या आधी प्रयोग, दिवसभर सरकारी हिशेब, संध्याकाळी पुन्हा प्रयोग. हा दिनक्रम जवळजवळ दहा वर्षं चालला. मधे १९०९ साली रंगूनला बदली झाली, १९१० साली नागपूरला. नागपुरातही त्यांनी काम थांबवलं नाही. पुढच्याच वर्षी ते कलकत्त्याला परतले आणि पुन्हा संस्थेत हजर झाले.

या काळात त्यांचा विषय होता आवाज. व्हायोलिनची तार कशी थरथरते, वीणेचा सूर इतका भरीव का, तबला-मृदंगाचा बोल सुरेल का वाटतो, अशा प्रश्नांवर त्यांनी एकामागून एक निबंध लिहिले.

१९१७ साली कलकत्ता विद्यापीठाचे आशुतोष मुखर्जी यांनी त्यांना भौतिकशास्त्राची पालित प्राध्यापकी देऊ केली. यात दोन अडचणी होत्या. एक म्हणजे पगार, तो सरकारी नोकरीच्या जवळपास निम्माच होता. दुसरी म्हणजे अट, या पदासाठी परदेशात प्रशिक्षण घेतलेलं असणं आवश्यक होतं. पहिली अडचण रामन यांनी मनावर घेतली नाही. दुसऱ्या अटीसाठी परदेशी जायला त्यांनी साफ नकार दिला. शेवटी विद्यापीठाने अट सोडली आणि रामन प्राध्यापक झाले.

पहिली परदेशवारी आणि खिशातलं प्रिझम

चार वर्षांनी, १९२१ च्या उन्हाळ्यात, त्यांना अखेर इंग्लंडला जावं लागलं, पण शिकायला नव्हे. ऑक्सफर्डला ब्रिटिश साम्राज्यातल्या विद्यापीठांची परिषद होती आणि कलकत्ता विद्यापीठाचे प्रतिनिधी म्हणून रामन निघाले. वय ३२.

परतीचा प्रवास एस. एस. नारकुंडा या बोटीने होता. बोट भूमध्य समुद्रातून जाताना रामन यांची नजर पाण्याच्या रंगावर खिळली. इतका गडद निळा रंग येतो कुठून?

याचं उत्तर त्या काळी ठरलेलं होतं. आकाश निळं का दिसतं हे ज्यांनी सांगितलं, त्या लॉर्ड रॅले यांनीच १९१० साली म्हटलं होतं की खोल समुद्राची निळाई ही पाण्याची नव्हेच. ते आकाशाचं प्रतिबिंब आहे. रॅले हे नोबेल विजेते, भौतिकशास्त्रातलं मोठं नाव. त्यांनी सांगितलं म्हटल्यावर विषय मिटला होता.

रामन यांना हे पटलं नाही. त्यांच्यापाशी निकॉल प्रिझम होतं. मुठीत मावेल एवढी ही वस्तू काय करते, ते समजून घेऊ.

पाण्याच्या पृष्ठभागावरून उजेड परावर्तित होतो तेव्हा त्याच्या लहरी एका विशिष्ट दिशेत थरथरतात. याला ध्रुवीकरण म्हणतात. उभ्या रेषेपासून सुमारे ५३ अंशांच्या कोनातून पाण्याकडे पाहिलं तर परावर्तित उजेड जवळजवळ पूर्ण ध्रुवीकृत असतो. अशा वेळी निकॉल प्रिझम योग्य दिशेने फिरवलं की तो उजेड अडतो. म्हणजे आकाशाचं प्रतिबिंब पुसून टाकता येतं आणि फक्त पाण्याच्या आतून येणारा उजेड डोळ्यापर्यंत पोहोचतो. आजच्या पोलराइज्ड गॉगलचं तत्त्वही हेच.

रॅले बरोबर असते, तर प्रतिबिंब पुसल्यावर समुद्र काळपट दिसायला हवा होता. रामन यांनी प्रिझम फिरवलं. समुद्र निळाच राहिला, उलट आणखी गडद निळा दिसला.

याचा अर्थ हा रंग पाण्याच्या आतून येत होता.

बोट मुंबई बंदरात लागली तेव्हा रामन यांचं लिखाण तयार होतं. नेचर या नियतकालिकाला लिहिलेल्या त्या पत्रावर तारीख आहे २६ सप्टेंबर १९२१ आणि ठिकाण आहे एस. एस. नारकुंडा, मुंबई बंदर. नोव्हेंबरमध्ये ते छापून आलं.

आता यातली गंमत बघा. ज्या बंदरातून निळाईचं हे पत्र निघालं, ते मुंबई बंदर गढूळ पाण्यासाठीच प्रसिद्ध. आत ठाण्याची खाडी, भोवती चिखलाचे किनारे, रोजची मोठी भरती-ओहोटी आणि नुकताच संपत आलेला पावसाळा.

मग निळाई येते कुठून?

पाण्याचे रेणू सतत हलत असतात. एखाद्या सूक्ष्म जागी क्षणभर गर्दी होते, शेजारी क्षणभर विरळ होतं. आइन्स्टाइन आणि स्मोलुचोव्स्की यांनी हे गणितात मांडलेलं होतं. अशा दाट-विरळ जागांवर प्रकाश आपटला की तो चहूबाजूंना विखुरतो. निळा प्रकाश लाल प्रकाशापेक्षा सुमारे चौपट जास्त विखुरतो. रामन यांनी हिशेब केला की पाणी हे हवेच्या सुमारे दीडशे पट जास्त प्रकाश विखुरतं. मग समुद्राला आकाशाचा रंग उसना घ्यायची गरजच काय?

याला दुसरी बाजूही आहे. पाणी लाल प्रकाश शोषून घेतं. स्वच्छ समुद्रातही पहिल्या दहा-पंधरा मीटरमध्ये लाल रंग जवळजवळ संपतो. निळा मात्र शंभर मीटरच्याही खाली जातो. लाल गिळला जातो, निळा विखुरून परत वर येतो आणि आपल्याला समुद्र निळा दिसतो. ही दोन्ही कामं एकत्र चालतात.

पण हे सगळं स्वच्छ पाण्याचं झालं. गगनबावड्याचं पाणी त्यात मिसळल्यावर काय होतं?

पुराचं पाणी समुद्रात शिरतं तेव्हा

पूर समुद्रात मुख्यतः तीन गोष्टी आणतो.

पहिली म्हणजे माती. मातीचे कण पाण्याच्या रेणूंपेक्षा कितीतरी मोठे. ते निळा-लाल असा भेद फारसा करत नाहीत, सगळेच रंग विखुरतात आणि उजेड खाली जाऊ देत नाहीत. शिवाय लोहयुक्त लाल माती निळा प्रकाश शोषते. त्यामुळे परत वर येतो तो पिवळा-तांबूस उजेड.

दुसरी म्हणजे पालापाचोळ्याचा अर्क. जंगलात कुजलेल्या पानांतून विरघळणारे पदार्थ चहाच्या पाण्यासारखे असतात. गाळून घेतलं तरी ते जात नाहीत. हे पदार्थही नेमका निळा प्रकाश खातात, म्हणजे समुद्रात सगळ्यात खोल जाणारा रंगच आधी संपतो.

तिसरी म्हणजे खत. शेतातून आणि जंगलातून आलेले नायट्रोजन-फॉस्फरससारखे घटक. यांचा परिणाम लगेच दिसत नाही, त्याबद्दल पुढे.

त्यात नदीचं पाणी गोडं, म्हणून समुद्राच्या खाऱ्या पाण्यापेक्षा हलकं. ते लगेच मिसळत नाही. वरच्या वर पातळ थरासारखं पसरतं. खालचं पाणी थोडंफार स्वच्छ असलं तरी वर गढूळ पाण्याची चादर असते. खिडकीला मातकट पडदा लावल्यासारखं.

हा पडदा किती परिणाम करतो, ते एका साध्या हिशेबाने पाहू. समजा, पाणी दर मीटरला फक्त ५ टक्के उजेड अडवतंय. तर उजेड १ टक्क्यावर यायला सुमारे ९० मीटर खाली जावं लागेल. आता समजा, पाणी दर मीटरला निम्मा उजेड अडवतंय. मग सातव्या मीटरलाच उजेड १ टक्क्याच्या खाली जातो. हा १ टक्का महत्त्वाचा, कारण पाण्यातल्या सूक्ष्म वनस्पतींना जगायला लागणाऱ्या उजेडाची सीमा साधारण तिथे धरतात. म्हणजे ९० मीटरचं शेत काही दिवसांत ७ मीटरचं होतं.

हे मोजायची सर्वात सोपी पद्धत रामन यांच्याही आधीची आहे. १८६५ साली इटलीचे खगोलशास्त्रज्ञ आंजेलो सेक्की यांनी भूमध्य समुद्रात बोटीवरून दोरीला बांधलेली पांढरी तबकडी खाली सोडली आणि ती किती खोलीवर दिसेनाशी होते हे नोंदवलं. आजही सागरी संशोधक सेक्की तबकडी वापरतात. पुराच्या वेळी खाडीत ती हातभर खाली गेली की गायब होऊ शकते.

गाळ बसतो कधी?

दोन मायक्रॉन आकाराचा चिकणमातीचा कण शांत पाण्यात दिवसभरात जेमतेम फूटभर खाली जातो. या वेगाने दहा मीटर तळ गाठायला महिना लागेल. पण खारं पाणी मदतीला येतं. मिठामुळे मातीचे कण एकमेकांना चिकटतात, त्यांचे गोळे होतात आणि ते लवकर बसतात. म्हणून नदीचा बराच गाळ खाडीच्या तोंडाशीच साचतो.

अर्थात पावसाळ्यात किनारा गढूळ असतो तो फक्त नदीमुळे नाही. खवळलेल्या लाटा तळाचा जुना गाळही पुन्हा वर आणतात.

पावसाचा जोर ओसरला, गाळ बसायला लागला की तिसरी गोष्ट काम सुरू करते. खत आधीच पाण्यात असतं, आता त्याला उजेड मिळतो. सूक्ष्म वनस्पती झपाट्याने वाढतात आणि पाणी हिरवट होतं. त्यांच्यावर बारीक जीव जगतात, त्या जीवांवर मासे. म्हणजे ज्या पुराने उजेड बंद केला, त्यानेच पुढच्या हंगामाची सोयही केलेली असते. नारळी पौर्णिमेनंतर होड्या ज्या समुद्रात उतरतात, त्यात घाटावरून आलेल्या मातीचाही वाटा असतो.

पण सगळ्यांनाच हे मानवत नाही. मालवणच्या किनाऱ्याजवळ प्रवाळ आहेत. प्रवाळाच्या आत राहणाऱ्या सूक्ष्म शेवाळाला उजेड लागतो, आणि वरून गाळ बसला तर प्रवाळाला तो झटकत बसावं लागतं. पूर नेहमीचा असेल तर हे जीव तग धरतात. डोंगर उघडे पडून गाळ वाढला, तर अंधाराचे दिवसही वाढतात.

याउलट चित्र आहे आंग्रिया बँकचं. कान्होजी आंग्रे यांच्या नावाचा हा समुद्रात बुडालेला पठारी भाग विजयदुर्गपासून शंभरहून जास्त किलोमीटर पश्चिमेला आहे. नदीचा गाळ तिथवर फारसा पोहोचत नाही. पाणी स्वच्छ, म्हणून वीस मीटर आणि त्याहून जास्त खोलीवरही तिथे प्रवाळ नांदतात. रामन यांनी पाहिलेली निळाई आपल्याकडे बघायची तर इतकं दूर जावं लागतं.

समुद्रापासून नोबेलपर्यंत

रामन कलकत्त्याला परतले आणि आवाजाचा विषय मागे पडला. आता ध्यास होता विखुरणाऱ्या प्रकाशाचा. १९२२ साली त्यांनी यावर पुस्तिका काढली. विद्यार्थ्यांना घेऊन धूळविरहित पाणी, बर्फ, वेगवेगळे द्रव तपासायला सुरुवात केली. १९२३ मध्ये के. आर. रामनाथन यांना शुद्ध पाण्यातून येणाऱ्या प्रकाशात एक अंधूकशी जादा चमक दिसली. अशुद्धतेमुळे असेल असं वाटलं, पण कितीही शुद्ध केलं तरी ती जाईना.

पाच वर्षांनी, २८ फेब्रुवारी १९२८ ला, के. एस. कृष्णन यांच्यासोबतच्या प्रयोगांतून उलगडा झाला. विखुरलेल्या प्रकाशाचा अगदी छोटासा भाग रंग बदलून बाहेर पडतो आणि किती बदलतो हे त्या पदार्थाच्या रेणूवर अवलंबून असतं. हाच रामन परिणाम. मॉस्कोतल्या लांड्सबर्ग आणि मांडेलश्टाम यांनाही त्याच सुमारास स्फटिकात हेच दिसलं होतं. पण १९३० सालचं भौतिकशास्त्राचं नोबेल एकट्या रामन यांना मिळालं.

मोठा माणूस, आणि एक मोठी चूक

१९३३ साली रामन बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सचे पहिले भारतीय संचालक झाले. त्याच वर्षी मुंबई विद्यापीठातून पदवी घेतलेल्या कमला भागवत या मराठी मुलीने तिथे प्रवेशासाठी अर्ज केला. मार्क उत्तम होते. रामन यांनी नकार दिला, कारण ती मुलगी होती.

कमला भागवत मागे हटल्या नाहीत. थेट रामन यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. शेवटी एका वर्षाच्या अटीवर प्रवेश मिळाला. त्या वर्षभरात त्यांनी असं काम केलं की रामन यांना आपला निर्णय बदलावा लागला आणि पुढे संस्थेत मुलींना प्रवेश मिळू लागला. त्याच कमला सोहोनी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ज्येष्ठ जीवरसायनशास्त्रज्ञ. १९३९ साली त्यांनी केंब्रिजची पीएच.डी. मिळवली.

रॅले यांचं नाव मोठं म्हणून त्यांचं उत्तर मान्य न करणारे रामन, स्वतःच्या मनातला समज मात्र तपासायला तयार नव्हते. तो तपासायला त्यांना कमला भागवत यांनी भाग पाडलं.

संचालकपदावरून रामन १९३७ साली पायउतार झाले. १९४८ साली त्यांनी बंगळुरूतच रामन रिसर्च इन्स्टिट्यूट सुरू केली. १९५४ साली भारतरत्न मिळालं. २१ नोव्हेंबर १९७० रोजी त्यांचं निधन झालं. त्यांच्या इच्छेप्रमाणे संस्थेच्या आवारातच अंत्यसंस्कार झाले. तिथे मोठं स्मारक नाही, एक झाड आहे.

आज या सगळ्याचा उपयोग काय?

पाण्याच्या आतून परत येणारा उजेड पाण्यात काय आहे हे सांगतो, ही गोष्ट आता अंतराळातून वापरली जाते. भारताने २६ मे १९९९ ला ओशनसॅट-१ सोडला, त्यावर समुद्राचा रंग टिपणारा कॅमेरा होता. पुढे २००९ आणि २०२२ मध्ये त्याच मालिकेतले उपग्रह गेले. समुद्राच्या रंगावरून सूक्ष्म वनस्पती कुठे जास्त आहेत ते कळतं, आणि पाण्याच्या तापमानासोबत ही माहिती वापरून हैदराबादची इन्कॉइस ही संस्था मच्छीमारांना मासे सापडण्याच्या संभाव्य जागा कळवते.

यात सर्वात अवघड जागा कुठली? किनारा. खोल समुद्रात रंग मुख्यतः सूक्ष्म वनस्पती ठरवतात, म्हणून हिशेब सोपा. किनाऱ्याजवळ माती, पालापाचोळ्याचा अर्क आणि वनस्पती हे तिघेही एकाच वेळी रंग बदलतात. कुणाचा वाटा किती, हे वेगळं करणं कठीण जातं. गोव्यातल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेसारख्या ठिकाणी म्हणूनच आजही बोटीवरून पाण्याचे नमुने घेतले जातात आणि उजेड मोजला जातो.

पुढच्या पावसाळ्यात करूळ किंवा भुईबावडा घाटातून लाल पाणी कोसळताना दिसलं तर एवढं लक्षात असू द्या. ते पाणी खाली जाऊन समुद्राचा उजेड काही काळ बंद करणार आहे, आणि नंतर त्याच समुद्राला खाऊही घालणार आहे. किती काळ बंद करणार, हे बरंचसं त्याच्यासोबत किती माती जाते यावर ठरतं. आणि ते वर, डोंगरावर ठरतं.